जोजो म्हणजे कोण?

मित्रांनो, तुम्ही मला ओळखत नसाल, पण मी तुम्हाला ओळखते. तुम्हाला नुकते दात येत होते तेव्हा माझ्यासारख्याच कुणाच्या तरी मांडीवर बसून तुम्ही चमचा आपटला असेल, वाटी पालथी केली असेल आणि गालाला भात फासून राजासारखे जगाकडे पाहिले असेल. मी एक जुनी बाळखुर्ची आहे. मोठ्यांच्या खुर्चीपेक्षा पायांनी उंच, बसायला अरुंद, पुढे ताटलीपुरती फळी. मला पाय आहेत, पण चालता येत नाही. हात आहेत, पण टाळी वाजवता येत नाही. देवाने मला एकच काम नेमून दिले, ते म्हणजे धरून बसायचे. ते मी जन्मभर केले.

माझा जन्म एका मोठ्या खेळबागेच्या कारखान्यात झाला. खेळबाग म्हणजे पाळणे, घसरगुंड्या, पाण्यातल्या होड्या आणि दमलेल्या आईबाबांसाठी राहायच्या खोल्या, असा सगळा पसारा. तिथल्या सुतारकाकांनी एका ओंडक्यातून मेरी-गो-राउंडचे घोडे कोरले आणि उरलेल्या लाकडातून मला घडवले. त्यामुळे ते घोडे नात्याने माझे चुलतभाऊ लागतात. ते दिवसभर धावतात आणि कुठेच पोचत नाहीत. मी दिवसभर उभी असते आणि माझ्यापर्यंत सगळे जग येते.

सुतारकाकांना रंधा मारताना देवाचे नाव घ्यायची सवय होती. रंधा पुढे गेला की "देवा", मागे आला की "तुझाच". पुढे "देवा", मागे "तुझाच". लाकडाचे पापुद्रे त्या तालावर कुरळे होऊन खाली पडत. मी पुरी झाले तेव्हा त्यांनी एक गोष्ट केली. ते वाकले आणि त्यांनी आपला गाल माझ्या हातांवरून, फळीवरून, पाठीवरून हळूहळू फिरवला.

शेजारच्या रंगाऱ्याने विचारले, "काय हो, खुर्चीचा पापा घेताय का?"

काका म्हणाले, "लाकडाचं कुसळ शोधतोय. माझे हात राठ झालेत, त्यांना काही कळत नाही. गाल खोटं बोलत नाही."

ते वाक्य माझ्या लाकडात मुरले.

मला बागेतल्या जेवणघरात नेले. तेव्हा खेळबागेत तेवढे एकच जेवणघर होते. तिथे वाढायचे काम करणाऱ्या बाईंना सगळे मावशी म्हणत. त्या मला रोज पुसत आणि माझ्याशी बोलतही असत. "आज जरा सांभाळ हं, जुळी आलीयेत." मग जुळी येत. कुणी माझ्या फळीवर वाटाणे चिरडले, कुणी गाजर घासले, कुणी नव्या दातांनी माझ्या कडेचा चावा घेतला. चमच्यांचे ठोके अजून माझ्या अंगावर आहेत. तुम्ही त्यांना ओरखडे म्हणाल. मी त्यांना दागिने म्हणते. आया मला हलवून बघत आणि म्हणत, "किती भक्कम आहे!" ते ऐकून माझे लाकूड उन्हात ठेवल्यासारखे ऊबदार व्हायचे.

मित्रांनो, कौतुकाचे दिवस पाखरासारखे असतात. फांदी हलते तेव्हा कळते की ते उडून गेले. खेळबाग वाढली. तळ्यावर एक काचेचे जेवणघर उभे राहिले. समोरच्या चौकाच्या पलीकडे दुसरे निघाले, अस्वलाचे. ते अस्वल खेळबागेचे लाडके सोंग होते. त्याचे नाव जोजो. भिंतीवर जोजो, फुग्यावर जोजो, टोपीवर जोजो. मग प्लॅस्टिकच्या हलक्या, रंगीत बाळखुर्च्या आल्या आणि त्यांच्याही पाठीवर जोजो. माझा कमरेचा पट्टा एक दिवस तुटला. तो कुणी बदलला नाही. मला दाराशी ठेवले आणि माझ्या मांडीवर फुलझाडाची कुंडी आली.

कुंडीबद्दल माझी तक्रार नाही. ती बिचारी गुणी होती. पण ती कधी हसली नाही, तिने कधी चमचा आपटला नाही. संध्याकाळी चौकात दिवे लागत, तळ्यात त्यांची प्रतिबिंबे लांबत, आणि माझ्या चुलतभावांचे संगीत वाऱ्यावर तरंगत येई. मग मला वाटे, मी खुर्ची नाहीच. मी अजून झाड आहे. माझ्या फांद्यांवर बाळे बसली आहेत आणि वारा त्यांना घास भरवतो आहे. असे स्वप्न बघत मी किती संध्याकाळी काढल्या, देव जाणे.

अशाच एका संध्याकाळी ते चौघे चौकात आले. एक आजी, तिचा दाढीवाला मुलगा, सून, आणि सुनेच्या कडेवर टपोऱ्या डोळ्यांची नात. नातीला सगळे गोटी म्हणत. सुनेच्या दुसऱ्या खांद्यावर निळी पर्स होती. माझ्या जागेवरून तिन्ही जेवणघरांची दारे दिसत, आणि ते चौघे बरोब्बर मधोमध उभे राहून वाद घालत होते.

"ठरवा बाई एकदाचं," आजी म्हणाली. "पोटातले कावळेसुद्धा ओरडून ओरडून बसलेत आता."

"काचेचं छान दिसतंय," सून म्हणाली. "पण आपली गोटी आणि काच! नको गं बाई."

"बागेतलं?"

"ते अगदीच साधं वाटतंय. शेवटचं जेवण आहे, आई."

"शेवटचं काय म्हणतेस! निघायच्या आधीचं म्हण," आजी फटकन म्हणाली.

तेव्हा त्यांच्या बोलण्यातून मला कळले. गोटीचा बाबा जहाजावर कामाला होता. पहाटे तो निघणार होता आणि पुढची सुट्टी मिळेपर्यंत गोटी पळायला लागलेली असणार होती. तो सुट्टीवर आल्यापासून गोटी त्याला बुजत होती. त्याने हात पुढे केले की ती आईच्या मानेत तोंड खुपसायची. त्याच्या हातचा तर एक घासही तिने घेतला नव्हता.

"मला फार काही नको," तो म्हणाला. "आज तिने माझ्या हातून एक घास खावा. तेवढा बरोबर घेऊन जाईन."

एवढ्यात गोटीने बोट दाखवले. "जोजो! जोजो!"

सगळ्यांनी वळून पाहिले. बोटाच्या रेषेत, आईच्या मागे, भिंतभर अस्वल हसत होते.

"बघा! तिला जोजोच हवाय!" बाबाचा चेहरा उजळला. "चला, तिकडेच जाऊ. तिच्या मनासारखं करू, मग खाईल माझ्या हातून."

"लेकीशी ओळख व्हायला तुला अस्वलाचा वशिला लागतो का रे?" आजी म्हणाली. पण पाय तिचेही तिकडेच वळले होते.

मित्रांनो, मला बोलता आले असते तर मी ओरडून सांगितले असते. माझी जागा खालची. खालून जे दिसते ते उभ्या माणसांना दिसत नाही. गोटीचे बोट भिंतीपर्यंत पोचलेच नव्हते. ते आईच्या निळ्या पर्सवर थांबले होते.

ते चौघे अस्वलाच्या दारातून आत गेले. दार उघडले तशी आतून ढोलाची धडधड बाहेर सांडली. जरा वेळ गेला. मग एक किंकाळी आली, बारीक, पण ढोलाच्याही वर. चौघे बाहेर आले. गोटी लालबुंद झाली होती. त्यांच्यामागे ते थोराड अस्वलही दारापर्यंत आले आणि त्या बिचाऱ्याने आपले दोन्ही केसाळ कान पकडले.

"नाही रे बाबा, तुझी चूक नाही," आजी अस्वलाला म्हणाली. "पण गादी चालत आल्यासारखी आलास की रे! माझ्याच छातीत धस्स झालं."

"सॉरी आजी," गादीतून आवाज आला.

मग ते काचेच्या जेवणघराकडे गेले. आणि लगेच परतले.

"तिथल्या माणसाने आपल्याकडे असं पाहिलं," सून म्हणाली, "जसं काही पिशवीतून मांजर आणलंय."

"गोटीने टेबलावरच्या कापडाचं टोक धरलंच होतं," आजी म्हणाली. "मी बोटं सोडवली नसती, तर वरच्या मेणबत्त्या तळ्यात पोहल्या असत्या."

बाबा जरा बाजूला उभा होता. त्याने खिशात हात घातले होते आणि तो तळ्यातल्या दिव्यांकडे बघत होता.

"मग आता उरलंसुरलं हे एकच," आजी म्हणाली, आणि ते चौघे माझ्या दारात आले.

मावशींनी हसून आत घेतले. पण प्लॅस्टिकच्या सगळ्या खुर्च्या त्या दिवशी अस्वलाकडच्या वाढदिवसाला गेल्या होत्या. मावशींनी इकडे पाहिले, तिकडे पाहिले आणि मग माझ्याकडे पाहिले. कुंडी खाली उतरली. माझ्या मांडीवर पाणी फिरले, फडके फिरले. मित्रांनो, कोरड्या लाकडाला त्या ओलाव्याने काय वाटले, ते कोणत्या शब्दांत सांगू! देवळात घंटा वाजल्यावर तिचा नाद गाभाऱ्यात रेंगाळतो ना, तसे माझे झाले.

"पट्टा तेवढा तुटलाय हिचा," मावशी ओशाळून म्हणाल्या. "पण खुर्ची दणकट आहे."

"पट्ट्याचं मी बघतो," बाबा म्हणाला. त्याने आजीची शाल मागून घेतली, गोटीच्या कमरेभोवती फिरवली आणि माझ्या पाठीच्या दांडीला गाठ मारली. त्याचे हात दोरखंडांनी राठ झालेले, पण ती गाठ! बोटे कशी फिरली ते मलाही कळले नाही.

"सुटेल ना रे ही?" आजीने विचारले.

"ताण पडला की घट्ट होते. हे एक टोक ओढलं की सुटते. आमच्या बोटीवरची गाठ आहे, आई."

"माणसांतही अशीच गाठ असावी बघ," आजी म्हणाली, आणि शालीची घडी नीट करू लागली.

गोटी माझ्या मांडीवर बसली. किती दिवसांनी! तिच्या पायांची चुळबुळ, तिच्या फ्रॉकचा ओलसर वास, तिचे इवलेसे ओझे. मी सगळे अंग आवरून तिला धरले.

मऊ भात आला, कुस्करलेला बटाटा आला. बाबाने चमचा भरला, फुंकर घातली. "हा चिऊचा..."

गोटीने मान फिरवली.

"हा काऊचा..."

"काऊचा म्हणू नकोस," आजी म्हणाली. "त्या दाढीत तिला घरटंच दिसत असेल."

बाबा हसला, पण अर्धवट. त्याने चमच्याचे विमान केले, होडी केली. गोटीने ओठ घट्ट मिटले. मग खालचा ओठ पुढे आला, थरथरला, आणि ती रडू लागली. "जोजो! जोजो!"

"अगं, भेटवला ना जोजो! घाबरलीस की त्याला!"

"अरे, अस्वल नाही," सून कपाळाला हात लावून म्हणाली. "माझ्याच लक्षात आलं नाही. झोप आलीय तिला. रोज झोपताना ती जोजो म्हणते. दूध कोमट करून आणते, पिऊन झोपेल." तिने पर्स आपल्या खुर्चीच्या पाठीला अडकवली आणि ती मावशींबरोबर स्वयंपाकघरात गेली.

बाबाने चमचा वाटीत ठेवला. "मला तिचे शब्दसुद्धा कळत नाहीत, आई," तो म्हणाला. "मी परका माणूस आहे तिच्या लेखी."

आजी त्याच्या दाढीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "झोपच आली असेल तर म्हण की अंगाई. बोटीवरून फोनवर म्हणायचास ना रोज?"

"ते वेगळं. तिथलं नेट इतकं मरतुकडं, की चित्र येतच नाही, नुसता आवाज जातो. खोलीत मी एकटा असतो. आपला सूर काय आहे ते मला माहीत आहे."

"मलाही माहीत आहे. भोंगा आहे. म्हणूनच घरी आल्यापासून तोंड मिटून बसलायस. अरे, देव तरी सूर बघतो का? देव भावाचा भुकेला, आणि हे लेकरू त्याच्याच घरून आलंय. म्हण!"

बाबाने आजूबाजूला पाहिले. लोक जेवत होते. तो खाली वाकला आणि त्याने कोपर माझ्या हातावर टेकले. मग अगदी हळू, कुणाला ऐकू जाऊ नये असा तो म्हणू लागला.

"जो जो जो... पाणी निजलं गं, जो जो जो... होडी निजली गं..."

सूर खरोखरच बेताचा होता. पण तो माझ्या हातातून आत आला, माझ्या पाठीत भरला, आणि मला रंध्याचा ताल आठवला. पुढे देवा, मागे तुझाच. बाहेर माझे चुलतभाऊ फिरत होते. त्यांचे दिवे तळ्यावर हलत होते. सगळे जेवणघर जणू पाण्यावर सोडलेल्या होडीसारखे हळूच झुलले.

गोटीचे रडणे मध्येच थांबले.

तिने पर्सकडे पाहिले. पर्स गप्प होती. तिने बाबाच्या तोंडाकडे पाहिले. तोंड हलत होते. पुन्हा पर्स. पुन्हा तोंड. तिची भुवई वर गेली. तिने हात पुढे केला आणि दाढीच्या मधोमध, हलणाऱ्या ओठांवर बोट ठेवले.

"जोजो?" तिने विचारले.

बाबा थांबला. गोटीने ते ओठ बोटाने ठोकले, दार वाजवावे तसे. "जोजो!"

सून दुधाचा पेला घेऊन टेबलाशी येऊन उभी होती. तिने पर्सकडे पाहिले, मुलीकडे पाहिले, नवऱ्याकडे पाहिले.

"अरे..." ती म्हणाली. "तू बोटीवर असतोस तेव्हा रोज झोपताना मी पर्समधून फोन काढते आणि तिच्या उशीशी ठेवते. मग तुझा आवाज येतो. जो जो जो. ती झोप म्हणत नव्हती. अस्वल तर नाहीच नाही. जोजो तू आहेस. ती सुट्टीभर तुलाच मागत होती, पर्समधून!"

मग आजीने पदराने डोळे टिपले आणि म्हणाली, "देवा रे, मी जन्म दिला माणसाला, आणि माझाच मुलगा जोजो निघाला!"

बाबाचे गाणे थांबले ते थांबलेच. गोटीला ते चालले नाही. तिने माझ्या फळीवर दोन्ही हात आपटले, जसे कितीतरी दिवसांत कुणी आपटले नव्हते.

"जोजो, मंमं!" आणि तिने तोंड उघडले. एवढे मोठे उघडले, की नवे दात दिव्यात चमकले.

त्याने चमचा भरला. घाईत अर्धा भात माझ्यावर सांडला. उरलेला तिने खाल्ला. मग पुढचा घास. मग बटाट्याचा. प्रत्येक घासानंतर ती त्याचे ओठ ठोकायची आणि त्याला एक ओळ म्हणायला लावायची. कोपऱ्यातल्या टेबलावरचे आजोबा मान डोलावू लागले. मावशी हातात ताटल्या घेऊन तिथेच उभ्या राहिल्या.

शेवटी गोटी पेंगली. बाबाने आपला तळवा माझ्या फळीवर पसरला आणि तिने त्यावर डोके टेकले. तळवा राठ, दोराच्या घट्ट्यांनी भरलेला. तिने गाल त्यावर इकडून तिकडे घासला, नीट जागा शोधली आणि डोळे मिटले.

गाल खोटे बोलत नाही, मित्रांनो. सुतारकाका म्हणायचे ते मला त्या संध्याकाळी पुरते उमजले.

निघताना त्याने शालीचे एक टोक ओढले. गाठ अलगद सुटली. त्याने गोटीला खांद्यावर घेतले.

"उद्या रात्री फोन करीन," तो म्हणाला.

"कर," सून म्हणाली. "आणि तुझा एक फोटो तिच्या उशीशी ठेवते. आवाजाला तोंड असतं, हे कळलंय तिला आता."

ते चौकातून गेले. भिंतीवरचे अस्वल हसतच होते. गोटीने त्याच्याकडे पाहिले नाही. ती तिच्या जोजोच्या खांद्यावर गाढ झोपली होती.

दुसऱ्या दिवशी वाढदिवसाला गेलेल्या खुर्च्या परत आल्या आणि माझ्या मांडीवर पुन्हा कुंडी आली. मी खोटे सांगणार नाही. पण मावशींनी फळीच्या सांध्यात अडकलेले भाताचे एक शीत मुद्दाम पुसले नाही. ते चिमणीने येऊन नेले. आता कुंडीला फूल येते तेव्हा वारा माझ्या पाठीतून जातो, आणि मला वाटते, अजून कुणीतरी बेसूर म्हणत आहे, जो जो जो.

मित्रांनो, तुमच्या घरी एखादे लहानगे असेल. ते एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणत असेल, आणि मोठी माणसे आपापल्या उंचीवरून त्याचा अर्थ लावत असतील. तेव्हा एवढे करा. गुडघे टेका. डोळे त्याच्या डोळ्यांच्या रेषेत आणा. बोट कुठे थांबते ते पाहा. आणि घरात एखादी जुनी बाळखुर्ची दिसली, तर जाता जाता तिच्या फळीला गाल लावा. लाकूड बोलत नाही, पण ज्यांना धरून बसवले त्यांचे सूर ते सांभाळून ठेवते. कोण जाणे, त्यात तुमचाही जोजो असेल.